तळाशी दहा अक्षरं

३ नोव्हेंबर १९९७, सिरसाळा

आलो एकदाचा. कडा गावाहून बदली मागून घेणारा आमच्या दैनिकाचा मी पहिलाच वार्ताहर. अर्जात कारण लिहिलं, ‘हवापालट’. खोली मन्मथप्पांच्या व्हिडिओ सेंटरच्या माडीवर. हवा उत्तम, खालून शिवगंगाबाईंच्या भाकरीचा वास. त्यांचे यजमान मन्मथप्पा पन्नाशीचे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि डोक्यात वेड जपानी कार्टूनचं! पुण्याचा भाचा आणि त्याचे मित्र असल्या कॅसेटींच्या प्रती काढून आपसात फिरवतात. एक प्रत इथे येते आणि दुपारी गावाच्या केबलवर लागते. कुणाला अक्षर कळत नाही. लग्नाच्या शूटिंगवर नावं टाकायचं मशीन अप्पांकडे आहेच. त्यावर चित्राखाली मराठी ओळी टाकायच्या, एवढंच बाकी. जपानी येतं का, असं त्यांनी विचारलं. संस्कृतात काव्यतीर्थ झालेल्या माणसाने नाही कसं म्हणायचं? मान हलवली. उभी की आडवी, ते अप्पांनी ठरवलं.

६ नोव्हेंबर

पद्धत सापडली. अर्थ कळत नाही, पण तोंड किती वेळा उघडतं ते मोजता येतं. मी जन्मभर वृत्तांची अक्षरंच मोजत आलोय. कोल्ह्याचं तोंड अकरा वेळा उघडलं, अकरा अक्षरं दिली. माझा कोल्हा सरपंचासारखा भाषण करतो. शिवगंगाबाई इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. अप्पा म्हणाले, ‘लई भारी, गुरुजी! जपान्यालाबी एवढं जपानी येत नसंल.’ ते मात्र खरं.

१० नोव्हेंबर

तिसरी कॅसेट. एक मुलगी कोरड्या विहिरीत पडते. तळाशी बसून वर बघते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलते. तोंड दहा वेळा उघडतं. शिवगंगाबाईंना चिडवायला मी टाकलं, ‘आई, भाकरी करपली गं.’ दुपारी केबलवर लागलं. कुणी हसलं नाही. शिवगंगाबाई पदर तोंडाला लावून बसलेल्या. पडद्यावर ओळ भलतीच होती: ‘मी इथंच आहे, खाली बघा.’

मोजली. दहा.

१२ नोव्हेंबर

ओळ पुसून दुसरी टाकली. उमटली तीच. मशीन बिघडलं म्हणालो. पण सकाळीच अप्पांनी त्यावर एक लग्न बिनचूक उतरवलं होतं. ‘तुमीच लिवलं न्हवं? काळजाला हात घातला, गुरुजी,’ म्हणाले. 

१३ नोव्हेंबर

पुढची कॅसेट आलेली नाही. गल्लीतल्या बाया विचारून जातात, पोरीला वर कधी काढणार. शिवगंगाबाई तर भांडल्याच: ‘लिवणारे तुमी, मग काढा की लेकराला वर! कावून ठिवलंय तिथं?’

१५ नोव्हेंबर

कुठेतरी लिहिलंच पाहिजे.

कड्याजवळच्या वस्तीवरची वैष्णवी, सोळा वर्षांची, मे महिन्यात हरवली. चप्पल तिथले बडे बागायतदार विजयसिंह यांच्या मळ्याच्या बांधावर सापडली. आत जुनी कोरडी विहीर. पण तिच्या बापाला, विठ्ठलरावांना, कुणी आत सोडेना. पेपरवाला सोबत असला तर सोडतील, म्हणून ते दुसऱ्याच दिवशी माझ्या पाया पडले. विचारून येतो म्हणालो आणि गेलो, विजयसिंहांच्या बैठकीपर्यंत. ऊन होतं. चहा आला. बैठकीत कानावर पडलं तेच लिहिलं: ‘आमच्या वार्ताहराने प्रत्यक्ष पाहणी केली असता विहीर रिकामी आढळली. मुलगी पळून गेल्याची चर्चा.’

छापलंय म्हणजे खरं असणार, असं सगळ्यांनी धरलं. शोध थांबला. विठ्ठलरावांनी लाजेने दार लावून घेतलं. पाचव्या दिवशी गुराख्याला त्याच विहिरीतून वास आला. पोर तिसऱ्या दिवसापर्यंत जिवंत होती, असं डॉक्टर म्हणाले. ती बातमीही मीच पाठवली. भाषा चांगली उतरल्याचं संपादकांचं पत्र आलं.

१६ नोव्हेंबर

कॅसेट तीच, चित्र पुढे सरकलंय. विहिरीच्या काठावर एक डोकं. चष्मा माझ्यासारखा. खिशाला पेन. मुलगी आता गप्प. डोकं बोलतंय, खाली ओळ कोरी. तोंड दहा वेळा उघडतं— ओळ मला ठाऊक आहे. टाकली तर सारा गाव वाचील.

टाकली नाही.

१७ नोव्हेंबर

भर दुपारी वीज गेली. टीव्ही चालूच. अप्पा, शिवगंगाबाई, बाया— कुणी माझ्याकडे बघत नाही. सगळे त्या कोऱ्या जागेकडे—

१८ नोव्हेंबर

खोलीत मातीचा वास. भिंती हाताला खरबरीत, गार. खिडकी काल छातीच्या उंचीला होती. आज डोक्याच्या वर. आणि गोल—

दार सापडत नाही.

—

हाका मारल्या. घसा बसला. वर उजेड आहे, कुणी वाकत नाही. खाली शिवगंगाबाई भाकरी थापतात, ऐकू येतं— पण खाली कुठे, तळ तर हाच—

माझ्याशेजारी कुणीतरी बसलंय. बोलत नाही. माझ्या तोंडाकडे बघतंय. मोजतंय.

दहाच तर अक्षरं. लिहितो.

मी मळ्यात गेलोच न—