बंद होताना

१२ मे १९९९, केज
आले बाई एकदाची! शिवांजलीचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच मायलेकी. लातूरला केलेला कॉम्प्युटर कोर्स शेवटी कामी आला, इथल्या साप्ताहिकात ऑपरेटरची नोकरी मिळाली. साप्ताहिकाचे मालक अमरनाथअप्पा भले गृहस्थ. कॉम्प्युटरला रोज उदबत्ती ओवाळतात आणि सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावतात. आधीचा ऑपरेटर रामहरी अचानक वारला म्हणे. अप्पांनी पोरीला पेढा दिला, तर ती थेट त्यांच्याच खुर्चीत जाऊन बसली.

१५ मे
रामहरी भलताच हुशार! निधनवार्तेच्या फाइलला त्याने मॅक्रो जोडून ठेवलेत, म्हणजे एकदा शिकवलेलं काम यंत्राने आपोआप करायचं. फाइल उघडली की 'दुःखद निधन'पासून 'असा परिवार आहे'पर्यंत मजकूर हजर. बंद केली की छापून बाहेर. आपण फक्त नाव टाकायचं. मला तर आयतंच मिळालं.

२१ मे
दुपारी फाइल उघडली तर नाव आधीच भरलेलं: केसरबाई, वडवणी. जुनं राहिलं असेल म्हणून बंद केली. कागद छापला गेला. संध्याकाळी तिचा मुलगा बातमी द्यायला आला. म्हातारी जेवता जेवता गेली, दुपारी, त्याच सुमारास. योगायोग असेल.

२६ मे
नाव आलं: बंकट. समोरचा चहावाला. तो तेव्हा माझ्याच टेबलावर कप ठेवत होता. फाइल 'बंद होताना' छापणारा मॅक्रो मी काढून टाकला, मगच फाइल बंद केली. तरी छापलं. पाहिलं तर मॅक्रो पुन्हा जागेवर. बंकट रस्ता ओलांडत होता — जीप आली —

मीच मारलं त्याला. अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "बाई, मशिनला काय कळतंय? लई मनावर घिऊ नका."

२८ मे
आज फाइल उघडायचीच नाही असं ठरवलं होतं. यंत्र सुरू केलं, तशी तीच उघडली.

कुमारी शिवांजली. पश्चात आई —

बंद करायची नाही. उघडी आहे तोवर पोर आहे. वायर ओढू? तेही बंद करणंच की —

दुपार
पोर उकाड्याने रडायला लागली. तिला घेऊन बाहेर पायरीवर बसलेय. मांडीवर झोपली. अप्पांना बजावलंय, हात लावू नका —

आतून म्हणतायत, "लाइट जायची येळ झाली. तुमी बसा, मी करतो बंद."

नको अप्पा — मी ओरडले —

प्रिंटर चालू झाला.

शिवांजली, ऊठ. ऊठ ना गं. आई आहे इथंच, ऊ