सात तारखेची सावली

रत्नागिरी,
१८ एप्रिल २०२६

चि. सौ. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते, कारण अडचणीचा विषय निघाला की देवरूखची रेंज जाते. पत्राला ती लागत नाही.

तुझ्या कॉलेजातल्या ‘शून्य सावली महोत्सवा’ची बातमी वाचली. वर्षातून दोनदा भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो नि उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाखाली जाते. ऑगस्टातली खेप पावसात बुडते, उरते मे महिन्यातली. ती बघायला एक काठी लागते आणि ऊन. तुला मांडव, बॅनर नि तीनशे खुर्च्या लागल्या. असो. आमच्या आकाश मंडळात बावीस वर्षं चाळीस माणसं येतात. त्यातली पंधरा कोकम सरबतासाठी, हे मी नाकारत नाही.

डॉ. केळुसकरांचा पुण्याहून फोन होता. नऊ वर्षं आमच्याकडे बोलले, यंदा तुझ्याकडे. तुमच्या बहिणीकडेच तर चाललोय, म्हणाले, जणू मी त्यांना नारळ देऊन निरोप द्यावा. देवरूख पूर्वेला, म्हणून सूर्यसुद्धा तुझ्या डोक्यावर सव्वा मिनिट आधी येतो. आता तो तरी कशाला मागे राहील?

ओळंब्याची दोरी सोडून काठी नेमकी उभी कशी धरायची हे तुला कोणी शिकवलं, ते भाषणात आलं नाही तरी चालेल.

माझा लोभ आहे. तो कसा आहे ते तू जाणतेसच.
सगुणाताई


देवरूख,
२३ एप्रिल

ती. सगुणाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. उन्हाळा आहेच, त्यात ते.

निमंत्रणाचं पहिलं कार्ड तुलाच पाठवलं होतं. जाड, सोनेरी कडेचं. त्यात ‘काठी उभारणी : सौ. सगुणा शिवलकर’ असं छापलंय. उत्तर येईल म्हणून वाट पाहिली, टोमणा आला. केळुसकर सरांनीही पहिला प्रश्न हाच केला, की ताई येणार ना. काय सांगू गो त्यांना?

यंदा गणितानं दोन्हीकडे आठ मे, शुक्रवारच येतो. एका वेळी दोन ठिकाणी तू उभी राहू शकत नाहीस. म्हणून मी म्हणते, तुमच्या सगळ्या मंडळालाच गाडी पाठवते. चाळीस खुर्च्या वाढवायला आम्हाला काही जड नाही.

रागाला जागा ठेवून का होईना, होकार कळव.
तुझी
नम्रता


रत्नागिरी,
२९ एप्रिल

चि. नम्रता हिस आशीर्वाद.

गाडी तुझ्याकडेच ठेव. बावीस वर्षांचं मंडळ कोणाच्या वाढीव खुर्च्यांवर बसत नाही.

रत्नागिरीची शून्य सावली गुरुवारी, सात मेला आहे. गेल्या वर्षी सातलाच झाली, कोणाची तक्रार आली नाही. शिवाय शुक्रवारी आमच्या फारुकभाईंना जुम्म्याची नमाज असते. हे आमचे चिटणीस, जहाजावर जन्म काढलेले. नमाज सव्वा वाजता आहे, साडेबाराची सावली बघून आरामात पोचेन, असं ते दोनदा म्हणाले. पण मीच ऐकलं नाही.

तुझी सावली माझ्याआधी सव्वा मिनिट जाते, तर माझी एक दिवस आधी जाईल.

सरांना नमस्कार. तुला काय द्यायचं ते पुढच्या पत्री.
सगुणाताई


देवरूख,
१० मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गुरुवारी मी रत्नागिरीत होते. सकाळच्या एसटीने आले नि शाळेच्या पटांगणात छत्रीआड मागे उभी राहिले.

सात तारखेला भर दुपारीही सूर्य अजून किंचित दक्षिणेला होता. मीटरभर काठीची उत्तरेला अडीच मिलिमीटर सावली पडायला हवी; तुझ्यामाझ्यासारख्यांना ती दिसतेच. पडली नाही. मग मी काठीखालच्या बैठकीकडे पाहिलं. उत्तरेच्या कडेखाली एक जाड कार्ड सरकवलेलं होतं, सोनेरी कडेचं. जन्मभर ओळंबा, ओळंबा करणाऱ्या बाईनं काठी कलती केली, आणि तीही माझ्या निमंत्रणावर.

मी पुढे येणारच होते. पण माणसं फार गप्प उभी होती. सरबतवाल्या गंगुबाई स्वतःची सावली शोधत गोल फिरत होत्या. तशीच परतले.

आठला आमच्याकडे बारा पंचवीसला ढग आला आणि अर्धा तास हलला नाही. तीनशेपैकी एकाचीही सावली नव्हती. प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या पुढाऱ्यांनी शून्य सावली यशस्वी झाल्याचं माइकवर जाहीर केलं, टाळ्या पडल्या. चहा पिताना सर म्हणाले की रत्नागिरीत खुर्च्या नसत, प्रश्न असत. तुझा इतका हेवा वाटला की मी जेवले नाही.

कार्डाचं मी कोणाला सांगणार नाही. पण तू काय करणार आहेस ते मला कळायला हवं. तुझ्यावर विश्वास ठेवून मी ओळंबा शिकले आहे.

पूर्वीइतकीच तुझी,
नम्रता


रत्नागिरी,
१६ मे

चि. नम्रता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडे ढग आला हे वाचून मला आनंद झाला. पत्र पुन्हा वाचलं, तेव्हाही झाला. खोटं या महिन्यात एकदा बोलून झालंय, म्हणून खरं लिहिते.

आठला मी एकटीच पटांगणात गेले. काठी ओळंब्यात लावली, खाली काही न घालता. बारा तेहतीसला सावली गेली. सवयीने मी मोठ्यानं ‘गेली’ म्हटलं. वळून बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं.

काल सभा बोलावली. सातची सावली मी बहिणीच्या मत्सरापोटी लपवली, असं उभं राहून सांगितलं. कोणी दचकलं नाही. फारुकभाई म्हणाले, कार्ड सगळ्यांनीच पाहिलं होतं. ताई काठी कलती करतायत म्हणजे घरात काहीतरी मोठं बिनसलं असणार, असं धरून टाळ्या वाजवल्या. मला यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

राजीनामा दिला, तो घेतला नाही. मात्र पुढच्या मेला काठी कोणी लावायची यावर मतं घेतली. मला नऊ पडली. तुला एकतीस. तू सभासदच नाहीस, हे मी निदर्शनास आणून दिलं. त्यावर दोन मिनिटांत ठराव झाला, तुला करून घेण्याचा.

सोबत अर्ज आहे. सही करून पाठव. केली नाहीस तर मला फार बरं वाटेल, म्हणून करच.

जळते तुझ्यावर, आणि तुझ्याशिवाय करमतही नाही. दोन्ही सांभाळून घे.
सगुणाताई