बैलाच्या कपाळावरची लाल चकती

धुळे, ४ डिसेंबर १९८९

रात्रीचे अपघात टळावेत म्हणून आमच्या कार्यालयाने बैलगाड्यांसाठी चमकणाऱ्या लाल चकत्या वाटल्या. आज पिंपळनेरला जाऊन पाहतो तर काय, चकत्या बैलांच्या कपाळावर! पोळ्याला सजवावं तशा. रागावलोच; चकती गाडीच्या मागे लावा, म्हणालो. पण चकती कुठे लावायची, हे परिपत्रकात लिहिलंय कुठे? चूक आमचीच.

एक म्हातारे गाडीवान आबा म्हणाले, "साहेब, मांगे कोन देखस?"

"मागून येणारा ट्रकवाला. त्याला बैलाचं कपाळ कसं दिसणार, आबा? अंधारात तुमची पाठसुद्धा दिसत नाही."

आबांनी बैलाच्या कपाळावरची चकती सोडली आणि खिळा शोधायला गेले.

उद्या परिपत्रकात 'गाडीच्या मागे' हे शब्द घालून घेणारच. आमचे मोठे साहेब नाही म्हणाले, तर एक चकती त्यांच्या कपाळाला.