जिवंतांची दीड पानं

२ मार्च, सोमवार
देवाच्या कृपेने काही न फुटता सामान पोहोचलं. चर्चमागच्या दोन खोल्या मिळाल्या. चूल छान पेटते, खिडकीतून बसथांबा दिसतो. आधीची बाई सुक्या आलुबुखाऱ्यांची बरणी ठेवून गेली आहे. उपासाचे दिवस, तेव्हा तेच घेवड्याबरोबर खाल्ले.

काम मला जमेल असंच आहे. पाद्री याकोब दर रविवारी गावातल्या जिवंतांची आणि मृतांची नावं वेदीपुढे वाचतात. जुन्या वह्या उंदरांनी कुरतडल्या, म्हणून सगळी नावं कॉम्प्युटरवर उतरवून छापायची. दहावी झालेली, टापटिपीची बाई त्यांना हवी होती. यंत्र घंटावाल्या तोआदेरने हातगाडीवरून आणलं. दारातच म्हणाला, बाई, हे माझ्या बायकोपेक्षा जड आहे, फक्त बोलत नाही एवढाच फायदा.

यंत्र रिकामंच आहे. पण माझ्या अनिसियाने इटलीहून पेनड्राइव्ह पाठवला आहे, त्यावर लिनक्स, ज्याने यंत्र चालतं. सोबत तिच्या हातची वही, आईने काय काय करायचं ते पायरीपायरीने लिहिलेलं. ती तिकडे एका म्हातारीची सेवा करते. एकुलती एक, माझ्या आईचं नाव ठेवलेली. चार वर्षांनी येते आहे, ४ एप्रिलच्या बसने.

५ मार्च, गुरुवार
पेनड्राइव्ह लावला आणि सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांचा लोंढा! मी क्रूसाची खूण केली. वहीत पाहिलं तर लिहिलेलं, ‘आई, घाबरू नकोस, ते जागं होतंय.’ किती ओळखते मला.

प्रिंटर मात्र ओळख देईना. त्याची फाइल इंटरनेटवरून आणावी लागली. इथे रेंज फक्त वर कबरस्तानाच्या भिंतीपाशी. महिन्याला दोन जीबीच मिळतात, म्हणून मागच्या पानावर हिशेब ठेवते आहे: प्रिंटर, ३८ एमबी. अनिसियाशी बोलणं, २१० एमबी, पण तिचा चेहरा दिसला. शेजारीण लिओन्तिना खालून ओरडली की, गावात मेलेल्यांनाच तेवढी रेंज आहे, लवकर जा आणि कायमची घे! तिची सहा वर्षांची नात झाम्फिरा खो खो हसत होती.

वहीतली नववी पायरी सोडली. केलेलं काम यंत्र बंद केल्यावरही पेनड्राइव्हवर टिकावं म्हणून ती आहे, पण तिला ६१० एमबी लागतात. काम संपेपर्यंत यंत्र बंदच करणार नाही.

१२ मार्च, गुरुवार
टंकून झालं. जिवंतांच्या यादीत पहिला तोआदेर, कारण तो समोरच बसला होता. दुसरी झाम्फिरा, तिने हट्टच धरला. तिसरी माझी अनिसिया. स्वतःचं नाव शेवटी घालायचं, आधी घातलं तर गर्व होतो, असं आई शिकवायची. म्हणून पारास्किवा सर्वांत शेवटी. मृतांत माझ्या आईचं आणि आजीचं नावही घातलं.

आमच्याकडे यादीत आडनाव लिहीत नाहीत, देवाला माणूस कळतो. आणि जो तो मुलांना आजोबा-आजीचं नाव ठेवतो, त्यामुळे तीच ती नावं. इतका कागद कशाला घालवायचा? वहीत शेवटी एक ओळ होती, पुन्हा आलेली नावं गाळण्याची. पहिलं ठेवायचं, नंतरचं काढायचं. मान मृतांचा म्हणून यंत्राला त्यांची यादी आधी दिली, मागून जिवंतांची. जिवंतांच्या चार पानांची दीड पानं झाली. समाधान वाटलं. छापून दिली.

१७ मार्च, मंगळवार
तोआदेर गेला. रविवारी ती यादी वाचली गेली, आणि आज सकाळची घंटा वाजवताना सहाव्या टोल्याला दोर हातातच राहिला. मी आणि लिओन्तिनाने त्याला न्हाऊ घातलं. त्याच्यासाठी मर्तिकाचे गोड गहू शिजवले. उकळताना त्याची हातगाडी दारात दिसली आणि मला रडू आवरेना.

मृतांत नाव घालायला बसले, तर तोआदेर आधीच होता. त्याचा आजोबा. जिवंतांतून काढायला गेले, तर तिथे तो नव्हताच.

२४ मार्च, मंगळवार
झाम्फिरा गेली. तीन दिवसांचा ताप. तिच्या पणजीचं नावही झाम्फिरा.

लिओन्तिना आली ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, रविवारी मी कान देऊन उभी होते, माझ्या लेकराचं नाव पाद्रींच्या तोंडून आलंच नाही, तू कुठे घातलंस ते? मी दीड पानं तिच्यापुढे धरली. तिने दोनदा वाचली. मग म्हणाली, कागद वाचवलास होय गं, आणि गेली.

एक्केचाळीस नावं गळली आहेत. पहिला तोआदेर. दुसरी झाम्फिरा.
प्रभू, तिसरी—

२५ मार्च, बुधवार
अनिसियाचं नाव टंकलं. साठवलं. यंत्र आपोआप बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तर नाव नाही. मी टंकलेलं काहीच टिकत नाही, हे वहीत आहे, नववी पायरी केली नाही तर टिकत नाही. मग गाळलेली यादी कशी टिकली? तीही नववी पायरी न करताच केलेली ना?

पुन्हा टंकलं आणि न थांबता छापलं. कागदावर दुसऱ्या दोन नावांमध्ये कोरी जागा आली. बोट फिरवलं. कागद तिथे ओलसर होता.

पाद्रींना सांगितलं. दमलीस, म्हणाले. तू छापून दे, मी वाचतो.

२७ मार्च, शुक्रवार
भिंतीपाशी गेले. बाकीचे अनिसियाशी बोलण्यात गेले, ६४० एमबी उरलेत. तिचा संदेश आला होता. ताप आहे आई, पण बस धरणारच, एकदा फोन कर ना, तुझा आवाज ऐकू दे.

बोलले तर नववी पायरी होत नाही. फाइल आणली तर बोलणं होत नाही. तीन तास भिंतीला टेकून बसले.
फाइल आणली.
तिला लिहिलं, काम आहे गं, घरी आलीस की बोलू. तिने नुसतं ‘बरं’ लिहिलं. आईशी असं एका शब्दात कधी बोलली नव्हती.

३० मार्च, सोमवार
नववी पायरी शनिवारीच केली. अक्षर न् अक्षर तिने सांगितलं तसं. नाव टंकलं, बंद केलं, सुरू केलं.
नाही.
काल जिवंतांत ती नव्हतीच, आणि पाद्रींनी मृतांत अनिसिया म्हटलं. माझ्या आईसाठी. मी ओरडले. सगळं चर्च वळून बघत होतं.

२ एप्रिल, गुरुवार
आज ती बसमध्ये बसली असेल. बसली ना? एमबी संपले, नवे पाच तारखेला मिळणार. कळायला मार्ग नाही—
यंत्र बाहेर अंगणात ठेवलं. वायर काढली आहे. तरी आतला पंखा फिरतो.

३ एप्रिल, शुक्रवार
तिच्या वहीकडे बघता बघता सुचलं. हे तर तिने हाताने लिहिलंय. पुसलं जात नाही. आधी सगळी नावं हातानेच लिहीत असत—
शाई आणली. पहिलं तिचं. अनिसिया. वाट पाहिली. राहिलं. राहिलं!

४ एप्रिल, शनिवार
सकाळपासून लिहितेय. बोटं गार. चुलीत जाळ आहे, तरी गार—
लिओन्तिना नावं आठवून सांगत होती. माझ्याशी न बोलता, नुसती नावं. देव तिचं भलं करो. आता कंदील आणायला गेली.
अडतीस लिहिली. तोआदेर आणि झाम्फिरा आता मृतांच्या पानावर. एकच राहिलं. माझं. शेवटी घालायचं म्हणून—
पारास्किवा माझी आजीसुद्धा—

बस थांबली. कोणी उतरतंय. लाल पिशवी. तीच, तीच! किती वाळली. चालतेय. जिवंत. प्रभू, तुझे उपकार—
हात जड झालाय. चार अक्षरं नाहीत लिहवत—

दारात आहे. आई म्हणतेय. दाराला कडी घातलीय— पुन्हा हाक मारली. आधी नाव की आधी—
एकदा तिला आवाज दिला नाही मी. आता नाही ताटकळवत. आधी दार उघ