पूल ठणठणीत आहे

३ जानेवारी, सकाळी ७
रस्त्यावरचा पादचारी पूल पत्रे ठोकून बंद. नोटीस : ऑडिटमध्ये धोकादायक ठरला, महिनाअखेर पाडणार. नातीची शाळा पलीकडे. सून आता तिला सिग्नलला वळसा घालून नेणार, अर्धा तास.
त्रेचाळीस वर्षांपूर्वी या पुलाचं ड्रॉइंग मी केलं. म्हणजे साहेबांनी केलं, ट्रेसिंग माझं. साहेब आता नाहीत, तेव्हा पूल माझाच धरायला हरकत नाही. संकल्प : पूल वाचवायचा. रोज दोन तास.

५ जानेवारी
कालचे दोन तास चष्मा शोधण्यात गेले. आज रिपोर्टची कॉपी मिळाली. टेस्ट फक्त चार ठिकाणी, एका सकाळीत उरकलेल्या. चार ठिकाणी हातोडी आपटून अख्खा पूल बाद. नुसती नाडी बघून माणसाला कुणी स्मशानात पोचवतं का? बायकोला हे ऐकवलं. ती म्हणाली, चहा निवतोय.

८ जानेवारी
फेरतपासणीच्या अर्जावर एकशे बारा सह्या झाल्या. निम्म्या लोकांनी अर्ज वाचलाच नाही. विश्वास म्हणतात तो हाच.
पुलाखालच्या न्हाव्याने सही दिली नाही. गेल्या महिन्यात गिऱ्हाइकाच्या खांद्यावर वरून ढलपी पडली म्हणे. ते प्लास्टर असतं, काँक्रीट नव्हे, असं समजावलं. त्याने ढलपी जपून ठेवली होती, दाखवली. आत गंजलेली तार होती. विषय बदलला.

१५ जानेवारी
पालिकेच्या ऑफिसातून इंजिनिअर आली. मुलीच्या वयाची, पण सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, काका, टेस्ट कमी झाल्यात हे तुमचं बरोबर आहे. वर चला, कुठे कुठे करायच्या ते दाखवा. मी खालूनच छत्रीने दाखवलं. गुडघ्यांचं निमित्त सांगितलं. निमित्त नव्हे, कारण.

२१ जानेवारी, दुपारी
आडवा झालो. डोळा लागेना. ट्रेसिंग करताना तिसऱ्या गाळ्यातली एक सळई कागदावर उतरवायची राहिली होती का? तेव्हाही असंच वाटलं होतं. कुणीतरी तपासलं असेलच. उठलो. येरझाऱ्या. बायको म्हणाली, फरशी झिजेल. पुन्हा आडवा.

२९ जानेवारी
जिंकलो. वीस ठिकाणी फेरतपासणी झाली. पाडकाम रद्द, वर्षभरात दुरुस्ती, तोवर एका वेळी पंचवीसच माणसं. पत्रे सोमवारी काढणार. सोसायटीच्या सेक्रेटरीने हात मिळवला. आकडा पंचवीसच का, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१ फेब्रुवारी, सोमवार
पूल उघडला. सून म्हणाली, बाबा, आज तुम्हीच न्या हिला, पूल तुमचाच आहे. आवाजात कौतुक होतं. असावं.
नातीचं बोट धरून पायथ्याशी गेलो. वर माणसं मोजली. अकरा. खाली आलेली वजा केली, नऊ. नात म्हणाली, आजोबा, चला ना. दोन पायऱ्या चढलो. तिची पकड घट्ट केली. उतरलो. सिग्नलकडून गेलो. चालणं तब्येतीला चांगलं असतं, असं तिला सांगितलं. तिने मागे वळून पुलाकडे पाहिलं, हे जास्त लागलं.
शाळेचं फाटक लागलं होतं. बाईंनी तिची डायरी पुढे केली, उशिराचं कारण लिहा म्हणाल्या.
लिहिलं : पूल बंद. खाली सही केली.