राणीचा पांढरा झगा

६ ऑक्टोबर, सोमवार

हाकललं! पैजेच्या दुकानातून मला चक्क हाकललं. पाच पौंडांची नोट काचेखालून सरकवली, म्हटलं राणी वेस्त्रा शेवटपर्यंत जगते, यावर लाव. काचेमागचा डेक्लन हसायलाच लागला. "डिम्फना, तू कुठे काम करतेस ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. मालिकेत कोण मरणार यावर तुमच्यातल्या कुणाची पैज घ्यायची नाही. वरून हुकूम आहे." भिंतीवर सगळ्यांचे भाव लावलेत — राजा, राणी, राणीचा भाऊ, तो एकडोळ्या. जसे काही शर्यतीचे घोडे!

म्हटलं, मी कपडे धुते रे बाबा, गोष्ट लिहीत नाही. ऐकतो कुठे! सात वर्षं गावामागच्या दगडाच्या खाणीत शूटिंग चाललंय. अर्धं गाव भाले धरून उभं असतं, उरलेलं अर्धं त्यांना जेवायला वाढतं. मग इथे पैज लावायची कुणी?

पैज माझ्यासाठी नव्हतीच. ब्रोनाने लावायला सांगितलं होतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

ब्रोनाकडे जाऊन आले. माझी थोरली बहीण. हॉस्पिसमध्ये सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणाला, नाताळ धरून चालू नका. मालिकेचा शेवटचा भाग एप्रिलमध्ये.

दुकानात नाही घेतली पैज म्हटल्यावर हसली. म्हणाली, "मग आमचा डबा आहेच." त्या खोलीतल्या चौघांनी बिस्किटांचा डबा केलाय. प्रत्येकाने मालिकेतला एक माणूस निवडून चिठ्ठी टाकायची, ज्याचा माणूस शेवटपर्यंत जगेल त्याला डबा. डब्यात काय, तर पन्नास पेनीची नाणी आणि लिंबाच्या गोळ्या. पण खरी पैज वेगळीच आहे. आपला माणूस जगला तर आपणही एप्रिल बघणार — असं ठरवून बसलेत मूर्ख!

पलीकडचा म्हातारा मॅग्लेड म्हणाला, "माझा राजा पहिल्याच भागात जाणार बघ. ब्रोना, माझा टाय तूच बांध हं. लॉफ्रनच्या हल्लीच्या पोरींना गाठ जमत नाही."

ब्रोना म्हणाली, "तुमची मान कुठेय टाय बांधायला?"

बावीस वर्षं लॉफ्रनच्या अंत्यविधीच्या दुकानात मेलेल्या माणसांना कपडे घालत होती ती. गावातला एकेक माणूस तिच्या हातून नीटनेटका होऊन गेला. तिने तरी असले खेळ खेळू नयेत. पण निघताना माझं मनगट धरलं. "माझी राणी आहे, डिम्फना. तुला कळलं तर सांगशील ना?"

म्हटलं, कागदावर सही केलीय मी. तोंड उघडलं तर नोकरी जाईल.

"बरं," म्हणाली. मनगट काही सोडलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज राणीचा हिरवा झगा आला. छातीपासून मांडीपर्यंत रक्त. नकली — साखरेचा पाक आणि रंग — पण हात लावला तर चिकटतं. चिठ्ठी टाचलेली, "धुवू नये." मी तो टोपलीत ठेवायला गेले आणि तिथेच खाली बसले.

एवढं रक्त गेल्यावर कोण जगतं?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सांगितलं नाही. शपथ. "काही कळलं का?" एवढंच विचारलं तिने. मी खिडकीकडे बघितलं, म्हटलं बाहेर वारा आहे. मला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून येत नाही. माझ्या तोंडाकडे बघून ब्रोना म्हणाली, "अच्छा."

बस. एवढंच. अच्छा!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

जेवत नाही. नर्स म्हणते होतंच असं शेवटी. अगं, सोमवारपर्यंत दोन वेळा सूप पीत होती! माझ्या हातची सोडा ब्रेड आणली, लोणी लावून. तोंड फिरवलं. मॅग्लेड आपल्या पलंगावरून सगळं बघत होता. आज त्याने चेष्टा केली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

२० ऑक्टोबर, सोमवार

राहवलं नाही. कपडेपटावरच्या हॅरिएटला विचारलंच. इंग्लंडची पोरगी, माझ्या निम्म्या वयाची, माझी साहेब. म्हटलं, त्या हिरव्या झग्यावरचं रक्त राणीचंच ना?

ती चिडली. "डिम्फना, असं विचारायचं नसतं!" मग दार लावून घेतलं. बहुतेक माझं तोंड बघून. "तिचं नाही. भाऊ तिच्या मांडीवर मरतो, त्याचं आहे. मी तुला काही सांगितलेलं नाही."

भावाचं! मी मूर्ख, मी गाढव! एप्रन न काढता बस पकडली.

ब्रोनाला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली, दया आल्यासारखी. "डिम्फना, पन्नाशी उलटल्यावर खोटं बोलायला शिकतेस? तुला नाही जमत बये."

म्हटलं, देवाशप्पथ खरं आहे! मोठ्याने म्हटलं. नर्स आत आली. ब्रोना माझा हात थोपटत होती, जशी मीच आजारी.

खरं सांगतेय तर कुणी ऐकत नाही. काय करू? हिच्या डोक्यात कसं शिरवू हे?

२३ ऑक्टोबर, गुरुवार

पाणीसुद्धा चमच्याने.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

चोरी केली.

शेवटच्या दिवसाचे कपडे आज इस्त्रीला आले. त्यात राणीचा झगा — पांढरा, भरतकामाचा, रक्ताचा थेंब नाही! आत पट्टी शिवलेली: वेस्त्रा, शेवटचा भाग, शेवटचा प्रसंग. पुढे बटणं नाहीत, मागून पूर्ण उघडा, चार नाड्या बांधायच्या. घाईत बदलायला करतात असं. घडी घालून पिशवीत घातला, वर बटाटे. फाटकावरच्या माणसाला म्हटलं, बघ, बघ बटाटे. नाही बघितले त्याने.

ब्रोनाच्या मांडीवर पसरला. म्हटलं, वाच! शेवटचा प्रसंग. आणि एक डाग दाखव मला. दाखव ना!

तिने पट्टी वाचली. मग हात झग्याखाली घातला, पाठीच्या बाजूने. नाडीवरून बोट फिरवत राहिली. मॅग्लेड म्हणाला, "काय गं, जगते का तुझी राणी?"

ब्रोनाने झग्याची घडी नीट केली. मग हसली — कितीतरी दिवसांनी! "जगते. काढा डबा, म्हातारबा. जिंकलो आपण, डिम्फना."

आणि म्हणाली, कस्टर्ड आहे का गं?

अर्धी वाटी खाल्ली. मी भरवलं. वाटी पुसून घे म्हणाली, वाया नको.

२५ ऑक्टोबर, शनिवार

झगा पहाटेच जागेवर ठेवून आले. कुणाला पत्ता नाही. आज सूप, चार चमचे. मला म्हणते कशी, "बघ, खातेय ना? आता घरी जा, पाय सुजलेत तुझे."

२९ ऑक्टोबर, बुधवार

दोन चमचे. माझ्याकडे बघत गिळते.

२ नोव्हेंबर, रविवार

ब्रोना गेली. सकाळी, मी बसमध्ये असताना.

एप्रिल, एप्रिल करत बसले होते मी.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घरी आणलंय तिला. माणसं येतायत, चहाची किटली थांबत नाही. काल लॉफ्रनच्या पोरीने तिला कपडे घातले. मी तिथेच उभी राहिले. हट्टाने. निळा ड्रेस दिला होता मी, तिचा आवडता. पोरीने कात्री घेतली आणि पाठीवर मानेपासून खालपर्यंत कापला. मी ओरडले.

"निजलेल्या माणसाला असाच घालावा लागतो," पोरगी म्हणाली. "ब्रोनानेच शिकवलंय आम्हाला. पाठ उघडी करायची, नाड्या लावायच्या, पुढून कळत नाही."

किती नाड्या, विचारलं.

"चार."

राणीच्या पांढऱ्या झग्यालाही चारच होत्या; नाडीवरून बोट फिरवतानाच ब्रोनाला कळलं असणार, हा मेलेल्या राणीचा झगा. तरी कस्टर्ड खाल्लं होतं तिने. माझ्यासाठी.