नातीसाठी बिडाचा तवा

३ मार्च, मंगळवार
आजपासून वही. शाळा चौथीपर्यंतच, पण वाचणार कोण, मीच. तर नात रविवारी नोकरीच्या गावी वेगळं बिऱ्हाड करायला निघाली. पोरगी गुणाची, फक्त केस बांधत नाही. तिला बिडाचा तवा देणार. नवा आणलाय. खरखरीत आहे, मगरीची पाठ बरी. दोन दिवसांत आरसा करते. जेवताना जाहीर केलं, रविवारी यावर अंडं घालीन, ते आपलं आपण घसरत ताटलीत येईल. सून हसली. हसू दे. तिचा तवा बघा, काळाकुट्ट. कधी घासत नाही, पुसून ठेवते. कंटाळा, दुसरं काय.

४ मार्च
खालच्या सुताराने पॉलिश पेपर दिले, जाड आणि बारीक. आधी जाड लावा म्हणाला. मी थेट बारीक लावला, ओरखडे नकोत. तीन तास घासलं. बोटं गुळगुळीत झाली, तवा नाही. पेपरच जुना असणार.

५ मार्च
सुताराला वर बोलावलं. जाड पेपर, मग बारीक. तासाभरात तवा गुळगुळीत. मी धरून बसले होते, म्हणजे काम दोघांचं.
मग सून म्हणाली, आता थेंबभर तेल लावा, सगळं पुसून काढा आणि तापवा. पुसायचंच तर लावायचं कशाला? या हाताने कधी कुणाला थेंबभर वाढलं नाही. नातीच्याच तव्याला हात आखडता घेऊ? वाटीभर ओतलं. ओव्हनमध्ये तासभर. घरभर धूर. शेजारीण धावत आली. काळजी माझी होती की तिच्या पडद्यांची, कळलं नाही.

६ मार्च
तवा चिकट. माशी बसली ती बसलीच. फडक्याने पुसला तर त्याचे धागे चिकटले. तेलात खोट. मुलगा म्हणाला, तेल जास्त झालं. त्याने जन्मात एक ऑम्लेट उलटलेलं नाही. धागे झाकायला वरून तेलाचा आणखी एक हात दिला.

७ मार्च, दुपारी ४
घासणीने खरवडला. अर्धा थर निघाला, अर्धा नाही. नकाशा झालाय. असू दे, उद्या अंडं पडलं की बसेल बरोबर.

८ मार्च, रविवार
अंडं बसलं. बरोबर बसलं. उठेचना. दुसरंही. तिसऱ्याला उलथनं वाकलं. नातीने तव्यावरचं खरवडून खाल्लं आणि छान झालंय म्हणाली. धागेसुद्धा खाल्ले असतील पोरीने.
सुनेने आपला काळा तवा गॅसवर ठेवला. जरासं तेल. अंडं घसरत ताटलीत.
नातीने तो तवा हातात घेतला आणि मला विचारलं, "आजी, हा नेऊ?"
मलाच विचारलं, कारण तो मीच दिलेला. पंचवीस वर्षांपूर्वी सुनेच्या हातात ठेवला तेव्हा तोही मगरीची पाठच होता. इतकी वर्षं ती थेंब थेंब लावून पुसत आली, आणि मी कंटाळा म्हणत आले.
"ने," म्हटलं.
गाडी गेल्यावर सुनेने माझा तवा घासून स्वच्छ केला. थेंबभर तेल लावलं. फडकं माझ्या हातात दिलं.
"आई, पुसा."
पुसलं. दाखवलं.
"अजून पुसा."